दप्तर जागेवरच होते

गोष्ट २००७ सालच्या पावसाळ्यातली आहे. माझा जुना संगणक सहा वर्षे चालून बंद पडला. बंद पडला म्हणजे सुरू केला की पंखा फिरायचा, दिवा लागायचा आणि पडदा काळाच राहायचा. दुरुस्तीवाल्याने पाहिले आणि सांगितले, यात पैसे घालू नका, नवा घ्या. हार्ड डिस्क मात्र चांगली आहे, ती काढून देतो. त्याने ती एका छोट्या डबीत बसवली, डबीला वायर जोडली आणि म्हणाला, नव्या यंत्राला लावा, सगळे जसेच्या तसे दिसेल.

घरी येऊन लावली. काही दिसले नाही.

त्या डिस्कवर माझ्या कविता होत्या, पण माझ्या कवितांचे एवढे काही नाही. बऱ्याचशा छापून झाल्या होत्या आणि ज्या छापल्या नव्हत्या त्या बहुधा न छापण्याच्याच लायकीच्या होत्या. खरी काळजी होती ती अम्माच्या ओव्यांची. आम्ही घरात दखनी बोलायचो, पण जात्यावर बसली की अम्मा मराठीत गायची. तिच्या ओव्यांत पीरही यायचा आणि पंढरीही. तिच्याजवळ बसून मी त्या वहीत उतरवून घेतल्या आणि २००४ साली संगणकावर टाइप केल्या. मोजून २१४. टाइप झाल्यावर वही निष्काळजीपणे माळ्यावर टाकली आणि एका दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीत गेली. २००६ मध्ये अम्मा गेली. म्हणजे त्या ओव्या आता जगात एकाच ठिकाणी होत्या.

मी कला शाखेचा पदवीधर. मला वाटले, फाइल म्हणजे कागदासारखी वस्तू, असेल तर दिसेल, नसेल तर हरवली. पुढच्या आठ दिवसांत ही समजूत पार बदलली.

मुळात 'फाइल' हा शब्द लॅटिनमधल्या दोऱ्याच्या शब्दावरून आलेला आहे. युरोपातले कारकून कागद दोऱ्यात किंवा तारेत ओवून ठेवत, त्यावरून तो पडला. आपल्याकडे शब्द आला फारसीतून, दप्तर. सरकारी कागदही दप्तरात आणि पोराची पाटीही दप्तरात. पुण्यातल्या पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात आणि एका रुमालात शेकडो कागद निघतात. तिथे नव्याने गेलेल्या माणसाला कागद 'सापडत नाही' याचे कारण कागद नसणे हे क्वचितच असते. यादी कळत नाही, किंवा आत जायची परवानगी नसते, किंवा कागद हातात येतो आणि मोडी वाचता येत नाही. माझ्या डिस्कवर या तिन्ही गोष्टी होत्या, फक्त मला ते ठाऊक नव्हते.

पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने बाजारात आणली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे ती तयार झाली आणि ते काम ज्यांच्या देखरेखीखाली झाले ते रेनॉल्ड जॉन्सन आधी शाळामास्तर होते. (मास्तरांनी दप्तराचा प्रश्न सोडवावा हे मला फार आवडले.) दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या आणि त्यांत मावायची ५० लाख अक्षरे. वजन टनाच्या घरात. त्याआधी माहिती पंच केलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर असे आणि फितीवर मधला मजकूर हवा तर आधीची फीत गुंडाळत बसावे लागे. तबकडीवर थेट हव्या त्या जागी जाता येऊ लागले. पण थेट जायचे तर जागा माहीत हवी, म्हणून यादी आली. कोणत्या नावाचा मजकूर कोणत्या वर्तुळावर, कोणत्या घरात, याची यादी.

ही यादी म्हणजे सगळ्या गोष्टीचे मर्म आहे. १९७७ च्या सुमारास फ्लॉपीसाठी तयार झालेली फॅट नावाची यादीची पद्धत पुढे जगभर पसरली. तिच्यात तुम्ही एखादी फाइल पुसली की मजकूर पुसला जात नाही. यादीतल्या नावाचे पहिले अक्षर बदलून तिथे एक खूण केली जाते आणि त्या घरांपुढे 'रिकामे' असे लिहिले जाते. मजकूर तिथेच पडून असतो, दुसरे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत. म्हणून काही हरवले असे वाटले, तर पहिला नियम असा की त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. दुसरा नियम, यंत्र 'फॉरमॅट करू का' असे विचारील, त्याला हो म्हणू नये.

मला हे कुणी सांगितलेले नव्हते. दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, "काका, फॉरमॅट मारून बघा, डिस्क मोकळी होईल." माझे बोट जवळजवळ तिथे गेले होते. तेवढ्यात भाचा घरी आला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. पडद्याकडे बघून ओरडला, "मामू, अभी कुछ बी नको करो!"

त्याने आधी एक साधा हिशेब केला. डिस्क ४० जीबीची. यंत्र सांगत होते, त्यातले ३१ जीबी वापरलेले आहेत. पण दिसणाऱ्या सगळ्या फोल्डरांची बेरीज केली तर २० सुद्धा भरत नव्हती. मग बाकीचे कुठे गेले? माझ्या नावाचा एक फोल्डर होता, त्याचा आकार शून्य दाखवत होता आणि उघडायला गेले की 'प्रवेश नाही' असा संदेश यायचा. भाचा म्हणाला, शून्य म्हणजे रिकामा नाही, शून्य म्हणजे आपल्याला मोजू देत नाहीत.

कारण असे होते. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर एनटीएफएस नावाची नवी पद्धत आली. तिच्यात प्रत्येक फाइलीवर मालक कोण आणि आत कुणाला सोडायचे, याची नोंद असते. कचेऱ्यांतून एका यंत्रावर अनेक माणसे काम करतात, त्यांच्यासाठी ती केलेली. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि ही पद्धत घराघरात पोचली. माझ्या जुन्या यंत्रावर मी पासवर्ड टाकला तेव्हा त्याने विचारले होते, तुमच्या फाइली खासगी करू का? घरात पोरे गेम खेळायची, मी आनंदाने हो म्हटले होते आणि विसरून गेलो होतो.

पण आता मालक मीच की! नव्या यंत्रावर मी नाव तेच दिले होते, पासवर्डही तोच. तरी मला आत सोडेना. कारण यंत्र नावाने ओळखत नाही. नावामागे ते एक लांबलचक क्रमांक ठेवते, आणि प्रत्येक यंत्रावर तो वेगळा पडतो. जुन्या डिस्कवरच्या नोंदीत जुना क्रमांक होता. नव्या यंत्राच्या लेखी तो इसम अज्ञात होता आणि मी परका. गावात सात पिढ्या राहिलेल्या माणसाने नाव सांगितल्यावर 'मूळचे कुठले' असे विचारले जाते, ते मला ओळखीचे आहे. यंत्राकडून मात्र अपेक्षित नव्हते.

तोडगा अवघड नव्हता. यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करायचे, व्यवस्थापक म्हणून आत जायचे, त्या फोल्डरच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन मालकी आपल्याकडे घ्यायची आणि आतल्या सगळ्या फोल्डरांनाही ती लागू करायची. मग परवानगीच्या यादीत स्वतःचे नाव घालायचे. फाइली कुलूपबंद सांकेतिक रूपात ठेवलेल्या असत्या, तर मालकी घेऊनही भागले नसते, जुनी किल्ली लागली असती. तशा त्या नव्हत्या. वीस मिनिटे नावे सरसर वर गेली आणि फोल्डर उघडला. ओव्यांची फाइल तिथे होती. जवळपास मध्यरात्र झाली होती. मी दोनदा टिचकी मारली.

आत डॉलरच्या खुणा, इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम. पानेच्या पाने.

भाचा हसला, मला हसू येईना. हा तिसरा अडथळा, मोडीचा. संगणकाची मूळ अक्षरमाला, आस्की, १९६३ ची, १२८ जागांची, इंग्रजीपुरती. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरमध्ये काम झाले, पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये ते वाढले आणि १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक निघाले. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच आणि तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. पण आपल्या छापखान्यांनी आणि डीटीपीवाल्यांनी वेगळीच युक्ती केली. इंग्रजी अक्षराची जागा तीच ठेवायची, फक्त त्याचा चेहरा मराठी काढायचा. असा एक फाँट केला की झाले. प्रत्येक कंपनीची वाटणी वेगळी. म्हणजे माझ्या फाइलीत अम्माच्या ओव्या मराठीत कधी नव्हत्याच! इंग्रजी अक्षरांवर फाँटचा सदरा होता आणि तो सदरा जुन्या यंत्रावरच राहिला होता.

सुदैवाने डिस्कवरच्या फाँटांच्या फोल्डरात तो सापडला. नव्या यंत्रावर टाकला आणि पडद्यावर अम्मा आली. पहिली ओवी वाचून मी खुर्ची मागे सरकवली आणि पाणी प्यायला आत गेलो.

पुढे मी सगळे युनिकोडमध्ये करून घेतले. त्याला दोन महिने लागले, कारण रूपांतर करणारा प्रोग्रॅम चुका फार करी. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचे नेमके उलटे. 'ण'चे तर दोन तुकडे, अर्धा ण आणि काना. प्रत्येक ओवी डोळ्यांखालून घातली, तीन डब्यांत तीन प्रती ठेवल्या आणि एक छापून कपाटात.

एक शब्द मात्र अडला. एका ओवीत अम्मा संध्याकाळी कुठे तरी दिवा लावायला जाते. तिथे 'परापाशी' असे आले होते. मी प्रोग्रॅमला दोष दिला आणि मूळ फाइल जुन्या फाँटात उघडली. तिथेही 'परापाशी'च. टाइप करताना मीच काही तरी गाळले होते. वेलांटी गाळली असेल तर पिरापाशी, काना गाळला असेल तर पारापाशी. आमच्या गावात पीर आणि पार पन्नास पावलांवर आहेत आणि दिवा दोन्हीकडे लागतो. बहीण म्हणते पीर. चुलती म्हणाली, नाही, पार, ती पारावरच जायची. मी दोन्ही शब्द लिहून ठेवले आहेत, एकापुढे एक.