लोणारचा खार आणि दोन स्थिरांकांचा भागाकार

मंडळी, आजचा नियम रसायनशास्त्रातला आहे, पण त्यासाठी आपल्याला जालन्याहून मंठ्याच्या वाटेने निघायचं आहे. मंठा तालुका ओलांडला की बुलढाणा जिल्हा लागतो आणि लोणारचं सरोवर येतं. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेलं असेल.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त लोणारची नोंद केली. काच आणि साबण करायला लागणारा माल इथे निघतो आणि त्यातून बरा महसूल येतो, असा तिचा आशय आहे. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर खार धरायचा. गोळा करणारे त्याची प्रतवारी करत. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी ही त्यातलीच नावं. आपल्या घरातला पापडखार याच कुळातला.

आता थोडं इजिप्तला जाऊ. १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर बर्थोले हा फ्रेंच रसायनज्ञ तिकडे गेला होता. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी त्याला सोडा साचलेला दिसला. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले की चुनखडी खाली बसते आणि मीठ उरतं. इथे मात्र मीठ आणि चुनखडीपासून सोडा झाला होता, म्हणजे गाडी उलटी चालली होती! पदार्थ किती आहे यावर अभिक्रियेची दिशा ठरते, हा विचार त्याने तिथून मांडला. पुढे १८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे या मेहुण्यांनी त्याला गणिताचं रूप दिलं, आणि त्यातून समतोल स्थिरांक आला. सोड्याच्या तळ्यांचं विज्ञानावर हे मोठं ऋण आहे, असं आम्हाला वाटतं.

लोणारच्या पाण्यात मुख्य जोडी कार्बोनेट आणि बायकार्बोनेटची. बेसॉल्ट खडकातून सोडियम सुटतो, कार्बन डायऑक्साइडपासून बायकार्बोनेट होतं, आणि पाण्याला बाहेर जायला वाट नाही. प्रयोगशाळेत दोन टप्पे वेगवेगळे मोजलेले आहेत. पहिल्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून हायड्रोजन आयन आणि बायकार्बोनेट होतं. २५ अंशांना त्याचा स्थिरांक एक कोटीत साडेचार. दुसऱ्यात बायकार्बोनेटपासून हायड्रोजन आयन आणि कार्बोनेट. तो दहा हजार कोटींत ४.७.

आपल्याला हवी आहे तिसरीच अभिक्रिया: दोन बायकार्बोनेटपासून एक कार्बोनेट, एक कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. ती मोजायची गरजच नाही. दुसरा टप्पा घ्यायचा, त्यात पहिला उलटा करून मिळवायचा. हायड्रोजन आयन दोन्हीकडून कटतो. अभिक्रियांची बेरीज केली की स्थिरांकांचा गुणाकार होतो, आणि अभिक्रिया उलटी केली की स्थिरांक उलटा होतो. म्हणून दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. उत्तर येतं साधारण दहा हजारांत एक.

एवढ्या छोट्या आकड्याने काय होणार? बंद बाटलीत खरंच फार होत नाही. नुसत्या बायकार्बोनेटच्या द्रावणात कार्बोनेट शंभराला एकाच्या आसपास राहतं. पण तळं उघडं आहे. कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, शिवाय पाण्यातलं हिरवं शेवाळ तो खातं. उजव्या बाजूचा एक पदार्थ सतत काढून घेतला की समतोल तिकडे सरकत राहतो. पाण्याचा पीएच १० च्या आसपास मोजला गेला आहे. दुसऱ्या स्थिरांकावरून १०.३ ला कार्बोनेट आणि बायकार्बोनेट समसमान यायला हवेत. एवढ्या खारट पाण्यात हा आकडा थोडा खाली सरकतो, पण अंदाज तोच राहतो.

ट्रोना नावाच्या नैसर्गिक सोड्याच्या स्फटिकातही एका कार्बोनेटला एक बायकार्बोनेट असतं. खारात मीठ किती मिसळलंय आणि पाणी किती आटलंय, यावर माल बदलतो. म्हणून एकाच तळ्याच्या खाराला इतकी नावं पडली. पावसाळ्यात चहूकडून गोडं पाणी आत येतं, काठावरची पापडी विरघळते, आणि दोन्ही स्थिरांक जवळपास तेच राहून सगळा हिशेब पुन्हा पातळ पाण्यात सुरू होतो.