बार्सिलोनाची उणे मर्यादा

मार्च २०२२ मध्ये स्पेनच्या ला लिगाने क्लबांच्या सॅलरी कॅपचे आकडे जाहीर केले. रिआल माद्रिद: ७३.९ कोटी युरो. बार्सिलोना: उणे १४.४ कोटी. हो, उणे. खेळाडूंवर करायच्या खर्चाची मर्यादा शून्याच्याही खाली गेलेली बघून आमच्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांना वाटावं, की कुणीतरी इनपुट तपासायचं विसरलं. पण गणित बरोबर होतं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये सगळ्या संघांना एकच कॅप असते. स्पेनमध्ये २०१३ पासून प्रत्येक क्लबची वेगळी. अपेक्षित उत्पन्नातून इतर खर्च आणि कर्जाचे हप्ते वजा करायचे, उरेल ती मर्यादा. थोडक्यात, लीगच अंथरूण मोजून देते. पाय बाहेर गेले, तर नवा खेळाडू नोंदवलाच जात नाही. करार झालेला असतो, फोटो निघालेले असतात, जर्सी विकायला आलेली असते, पण गडी मैदानात उतरू शकत नाही.

बार्सिलोनाचे पाय बाहेर जायला सुरुवात झाली २०१७ मध्ये. पॅरिसने २२.२ कोटी मोजून नेयमारला नेलं. तो पैसा देम्बेले आणि कुटिन्यो या दोघांत संपला, आणि २०१९ मध्ये वर १२ कोटींचा ग्रीझमन आला. दोन बाजूंनी ओझं वाढत गेलं: मोठे पगार, आणि विकत घेतलेल्या खेळाडूच्या किमतीचा दरवर्षीचा हप्ता.

हा हप्त्यांचा प्रकार नीट समजून घ्यायला जून २०२० चा एक व्यवहार बघा. बार्सिलोनाने आर्थरला युव्हेंटसला ७.२ कोटींना विकलं आणि त्यांच्याकडून प्यानिचला ६ कोटींना घेतलं. प्रत्यक्षात हातात आला फरक, म्हणजे १.२ कोटी. पण वहीत आर्थरच्या विक्रीचा नफा त्याच वर्षी दिसतो, आणि प्यानिचची किंमत कराराच्या चार वर्षांत वाटली जाते, वर्षाला दीड कोटी. म्हणजे तेवीस वर्षांचा खेळाडू देऊन तिशीचा घेतला, आणि ताळेबंद सुधारला! प्यानिच एक हंगाम खेळला, मग उधारीवर दुसरीकडे गेला, शेवटी फुकट. हप्ते मागे राहिले. सॉफ्टवेअरमध्ये याला आम्ही टेक्निकल डेट म्हणतो: रिलीज वेळेत जातं आणि बिल पुढच्या टीमच्या नावाने फाटतं.

मग कोविड आला आणि ९९ हजार खुर्च्यांचं कँप नौ रिकामं झालं. २०१९-२० मध्ये ६७ कोटींच्या वर असलेली मर्यादा वर्षभरात ३८ कोटींवर आली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा क्लब कुणा शेखाचा किंवा उद्योगपतीचा नाही. तो लाखाहून जास्त सभासदांचा आहे आणि अध्यक्ष मतांवर निवडून येतो. आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याचा चेअरमन आठवा. खिशात हात घालायला मालक नाही, आणि 'पाच वर्षं काटकसर करू, ट्रॉफी विसरा' असं सांगणारा उमेदवार निवडून येणं अवघड. डिसेंबर २०२० मध्ये जुआन लापोर्ताने प्रचारासाठी थेट माद्रिदमध्ये, रिआलच्या स्टेडियमशेजारी, स्वतःचा अवाढव्य फोटो लावला: तुम्हाला पुन्हा भेटायला उत्सुक आहोत. कर्जाविषयी त्यावर अक्षर नव्हतं. मार्चमध्ये तो जिंकला.

पाच महिन्यांनी मेस्सी गेला. त्याने पगार निम्मा करायची तयारी दाखवली होती, तरी मर्यादेत तो बसेना. ८ ऑगस्ट २०२१. आदल्या दिवशी नीरज चोप्राच्या भाल्याने सगळा देश नाचत होता, आणि रविवारी दुपारी इथले बार्साप्रेमी फोनवर मेस्सीला रडताना बघत होते. आठवड्याभरात लापोर्ताने सांगितलं: देणी १३५ कोटी, आणि पगारांचा खर्च उत्पन्नाच्या १०३ टक्के.

खरं तर त्याच आठवड्यात एक वाट होती. ला लिगाने सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीशी करार जुळवला होता. त्यात सामील झाल्यास पैसा आला असता. लापोर्ता म्हणाला, क्लबचे टीव्ही हक्क अर्ध्या शतकासाठी गहाण टाकणार नाही. बाणेदार उत्तर होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात त्याने टीव्ही हक्कांतल्या उत्पन्नाचा २५ टक्के वाटा २५ वर्षांसाठी सिक्स्थ स्ट्रीट या कंपनीला विकला. पहिल्या १० टक्क्यांचेच २०.७५ कोटी आले. मग स्टुडिओ कंपनीचे दोन तुकडे, प्रत्येकी १० कोटींना. त्यातले बरेच पैसे ठरल्या वेळी आलेच नाहीत. या विक्रीला नाव दिलं 'पालांका', म्हणजे तरफ. सहा महिन्यांत मर्यादा उणे १४.४ वरून अधिक ६५.६ कोटींवर! लेवांडोव्हस्की, राफिन्या, कुंदे आले. चाहत्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग हंगाम सुरू होऊनही कुंदे नोंदवला गेला नाही म्हणून नखं खाल्ली.

तरफांचा उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. २०२३ मध्ये लीग जिंकली. पण चॅम्पियन्स लीगमध्ये सलग दुसऱ्यांदा गटातच गाशा गुंडाळला, आणि मोठा पैसा तिथेच असतो. माझ्या मते खरा आधार दिला तो अकादमीतल्या पोरांनी. गावी, बाल्दे, पुढे कुबार्सी, आणि पंधराव्या वर्षी पदार्पण करणारा लामिन यामाल. यांना विकत घ्यावं लागलं नव्हतं, त्यामुळे वहीत त्यांचा हप्ता नव्हता. ज्या नियमाने मेस्सी नेला, त्यानेच यांच्यासाठी जागा केली. हे कुणाचं नियोजन होतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

२०२५ च्या पहिल्या दिवशी दानी ओल्मोची नोंदणीच संपलेली होती. ती वाचवायला क्लबने व्हीआयपी खुर्च्यांचे हक्क सुमारे १० कोटींना विकले, तेही कँप नौचं बांधकाम चालू असताना. ८ जानेवारीला सरकारच्या क्रीडा परिषदेने तात्पुरती परवानगी दिली. मे महिन्यात संघाने लीग जिंकली. ऑगस्टमध्ये नवा गोलकीपर जोआन गार्सिया लीगच्या ऐन तोंडावर नोंदवला गेला, कारण आधीचा गोलकीपर टेर स्टेगन जखमी होता आणि त्याच्या पगाराचा मोठा भाग नियमाने तात्पुरता मोकळा झाला होता. त्या आठवड्यात चाहते टेर स्टेगनच्या पाठीचा वैद्यकीय अहवाल लीगने मान्य केला का, हे शोधत होते.