लाभ, दोन, तीन

किन्हीराजात आमच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. ज्वारी मोजताना ते पहिल्या पायलीला एक म्हणत नसत, ‘लाभ’ म्हणत. मग दोन, तीन. नेहमीच्या गिऱ्हाइकाला मापावर मूठभर जास्त, पोराच्या हातावर गुळाचा खडा. आजच्या दुकानातल्या कार्डावरचे गुण मला त्या मुठीचीच नातवंडं वाटतात.

वडिलांची खरी परीक्षा 1 एप्रिल 1957 ला सुरू झाली. त्या दिवसापासून रुपयाचे 64 पैसे जाऊन 100 नवे पैसे झाले. चार आण्यांचे नेमके 25, पण एका आण्याचे सव्वासहा! सरकारी कोष्टकात आण्याला 6, तीन आण्यांना 19. म्हणजे एकदा दुकानदाराचं पाव जायचं, एकदा गिऱ्हाइकाचं. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांच्याकडून आण्याचे 7 घेणं सहज शक्य होतं. वडिलांनी कोष्टक भिंतीला चिकटवलं आणि आठवडाभर प्रत्येकाला मोठ्यानं वाचून दाखवलं. मला त्यांचा आजही अभिमान आहे.

पुढे शेर जाऊन किलो आला. शेर सुमारे 933 ग्रॅमचा. तेव्हाही जुनं वजन त्यांनी गल्ल्याशेजारी ठेवलं होतं, कुणालाही जुनं-नवं दोन पारड्यांत घालून पाहता यावं म्हणून.