मुलांच्या पुस्तकांतील सृष्टि



माझें बालपण नायगांवीं गेलें. सावित्रीबाई फुले यांचें जन्मगांव असलेलें नायगांव सातारा जिल्ह्यांतलें. मी म्हणतों तें नांदेड जिल्ह्यांतलें, नांदेडहून हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें, काळ्या जमिनीचें नायगांव. तेथील शाळेंत मुळाक्षरांचा जो तक्ता टांगलेला असे, त्यावरील पहिलें चित्र अननसाचें होतें. दक्षिण अमेरिकेंतलें हें फळ पोर्तुगीजांनीं आपल्या देशांत आणलें आणि मराठी वर्णमालेंत त्यानें थेट पहिलें आसन पटकावलें! आमच्या वर्गांत अननस कोणींहि पाहिलेला नव्हता. 'ज'च्या चौकटींत जहाज होतें. समुद्र तर आमच्यापासून शंभराहून अधिक कोस दूर. पण याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. चित्रावरून वस्तु ओळखावी हा त्या तक्त्याचा हेतूच नव्हता. अक्षर ध्यानांत राहावें एवढाच होता. चित्र हें अक्षराचें चाकर होतें. या चाकरींतून त्याची सुटका केव्हां व कशी झाली, हें आज मला सांगावयाचें आहे.

युरोपांत ही गोष्ट फार लवकर घडली. कोमेनियस नांवाच्या मोराव्हियांतील शिक्षणपंडितानें १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें मुलांसाठीं एक सचित्र पुस्तक छापविलें. त्यांत आकाश, अग्नि, झाडें, पक्षी, माणसाचे धंदे या सर्वांचीं चित्रें आहेत. चित्रांतील प्रत्येक भागाला आंकडा घातलेला असून त्याच आंकड्याचा शब्द लॅटिन व जर्मन भाषांत बाजूस दिला आहे. आणि त्यांतील वर्णमालेचा आरंभ कशानें होतो म्हणाल, तर कावळ्याच्या ओरडण्यानें! जो आवाज मुलानें रोज ऐकला आहे, त्यावरूनच त्याला अक्षराकडे न्यावयाचें. अननसाची गोष्ट मला नेहमीं या कावळ्याशेजारीं आठवते.

आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० मध्यें 'दिग्दर्शन' मासिक काढलें. भूगोल, पदार्थविज्ञान, इतिहास असे विषय त्यांत येत, आणि सोबत नकाशे व आकृत्याहि असत. तथापि त्याचा वाचक मोठा विद्यार्थी होता. बालकांसाठीं म्हणून निघालेलें 'बालबोधमेवा' हें मिशनऱ्यांचें मासिक १८७३ सालचें. पुढें १८८१ मध्यें विनायक कोंडदेव ओक यांचें 'बालबोध' निर्णयसागरांतून निघूं लागलें. ओकांच्या चिकाटीची कल्पना आजच्या संपादकाला येणें कठीण. एकट्या माणसानें महिन्यामागून महिना चरित्र, कविता, निबंध व शास्त्रीय विषय लिहावा, आणि हें तेहतीस वर्षें, १९१४ सालीं मृत्यु येईपर्यंत चालावें! त्यांचे शास्त्रीय निबंधच साडेतीनशेंच्या वर भरतात. मात्र तेथें सारा भार शब्दांवर होता. पक्ष्याचा रंग वाक्यांतून कळावयाचा.

रंगीत छपाई येथें आली नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना मुंबईंत १८९४ मध्यें निघाला आणि थोड्याच वर्षांत लक्ष्मी व सरस्वती रंगीत वेषांत घरोघरीं विराजमान झाल्या. लक्ष्मीच्या चित्राला जसें गिऱ्हाईक होतें, तसें सुगरणीच्या खोप्याच्या चित्राला नव्हतें, हाच काय तो फरक.

पुण्याचें 'सृष्टिज्ञान' मासिक १९२८ सालीं सुरू झालें. प्राध्यापक गोपाळ रामचंद्र परांजपे यांच्यासारख्या, स्वतः प्रयोगशाळेंत राबणाऱ्या, माणसानें त्याचें संपादन केलें, हें मला फार महत्त्वाचें वाटतें. परंतु पुणें इंग्रजी राज्यांत होतें आणि नायगांव निजामाच्या. प्राथमिक वर्ग ओलांडले कीं आमच्याकडे शिक्षणाचें माध्यम उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्यें स्थापन झालें, आणि भौतिक, रसायन, वैद्यक अशीं शास्त्रें तेथें उर्दूंत उतरविण्यांत आलीं. उच्च विज्ञान देशी भाषेंतून शिकवितां येतें हें त्या राज्यानें सिद्ध करून दाखविलें, ही गोष्ट मोकळ्या मनानें मान्य केली पाहिजे. नायगांवच्या पोराची भाषा मात्र ती नव्हती. १९३१-३२ मध्यें सालिम अली यांनीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी केली. तिचा वृत्तांत मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकांत इंग्रजींत प्रसिद्ध झाला. म्हणजे संस्थानांतले पक्षी विद्वानांच्या इंग्रजीं वहींत नोंदले गेले, आणि त्यांना दगड मारीत फिरणाऱ्या मुलांच्या हातीं मात्र त्यांतलें कांहींच आलें नाहीं.

१९४८ च्या सप्टेंबरांत संस्थान भारतांत विलीन झालें. त्यानंतरची हकीकत बहुतेकांस ठाऊक असल्यानें ती भरभर सांगतों. दिल्लीस १९५७ सालीं राष्ट्रीय पुस्तक न्यास निघाला व पुढें त्याची नेहरू बाल पुस्तकालय ही माला आली. 'बालभारती' १९६७ ची, तिचें 'किशोर' मासिक १९७१ चें. याच सुमारास मॉस्कोंत छापलेलीं मराठी पुस्तकें अगदीं स्वस्त मिळत. त्यांतलीं चित्रें इतकीं सुरेख, कीं बर्फ म्हणजे काय हें आम्हांस पावसाळ्यापेक्षां अधिक चांगलें कळूं लागलें होतें! भूर्जवृक्ष ओळखूं यावा, पण बांधावरची बाभूळ पुस्तकांत सांपडूं नये, अशी ती स्थिति. १९९१ मध्यें सोव्हिएट संघ मोडला आणि तो झराहि आटला.

माझ्या मतें खरा पालट दिसला तो एका साध्या पाठ्यपुस्तकांत. 'बालभारती'नें तिसरीच्या मुलांसाठीं जिल्ह्याजिल्ह्याचीं निरनिराळीं पुस्तकें काढलीं. नांदेडच्या मुलाला नांदेडच्या नद्या, नांदेडचीं पिकें. कागद साधा, चित्रें कांहीं ठिकाणीं ओबडधोबड. पण पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहिलें तर दोहोंचा मेळ बसावा, ही कोमेनियसची अपेक्षा तेथें पुरी होऊं लागली. २०१५ पासून प्रथम बुक्स या संस्थेनें 'स्टोरीवीव्हर'वर मराठींतहि चित्रपुस्तकें विनामूल्य खुलीं केलीं आहेत. तीं फोनवर दिसतात. पण एका फोनभोंवतीं तीस मुलें बसवून पाहावीं, म्हणजे कागदाची किंमत कळते.

गेल्या वर्षीं नायगांवच्या बाजूस एका शाळेंत जाण्याचा योग आला. भिंतीवर अननस होताच. जहाजावर मात्र बाईंनीं चुना फिरवून तेथें कणीस काढलें होतें आणि खालीं लिहिलें होतें, 'ज जवारीचा'. आमच्याकडे जवारीच म्हणतात. व्याकरणाच्या सवयीनें माझा हात खडूकडे गेला होता. इतक्यांत एक मुलगी म्हणाली, "आजोबा, कणसावर चिमणी काढायची राहिली." बाईंनीं तिच्याच हातांत खडू दिला, आणि पाखरूं बसविण्यासाठीं कणसाचे कांहीं दाणे तिनें पुसून टाकले.