देवराई (मावळ)
देवराई : ग्रामदेवतेच्या नावाने राखलेला व वृक्षतोड निषिद्ध मानलेला वनखंड. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाडेच्या पश्चिमेकडील डोंगराळ गावांत, अशा राया आढळतात.

उगम : ही प्रथा शेतीपूर्व किंवा फिरत्या शेतीच्या काळातील असावी, असे मत आहे. दा. ध. कोसंबी यांनी कार्ले परिसरातील मातृदेवतांच्या ठाण्यांचा अभ्यास केला. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी केली.

वैशिष्ट्ये : वाळका फाटाही घरी न नेण्याचा दंडक अनेक ठिकाणी असे, मात्र नियम गावागणिक बदलतात. आजिवली येथील वाघजाईच्या राईत भेरली माडाची दाटी आहे. रायांमध्ये पालापाचोळ्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरते, तर जुन्या वृक्षांत व मातीत कार्बन साठून राहतो (पहा : कार्बन चक्र). वनक्षेत्र लहान असल्याने हवामानावरील परिणाम मुख्यतः स्थानिक असतो.

महत्त्व : श्रद्धेच्या बंधनाला कायद्याची जोड उशिरा मिळाली. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २००२च्या दुरुस्तीने सामुदायिक राखीव क्षेत्राची तरतूद केली. त्यानंतर २००६मध्ये वनहक्क कायदा आला. पुढे माधव गाडगीळ यांच्या समितीचा अहवाल (२०११) व कस्तुरीरंगन कार्यगटाचा अहवाल (२०१३) यांवरून पश्चिम घाटातील पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा वाद राजकीय झाला. या क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदे २०१४पासून वारंवार निघाले (पहा : पश्चिम घाट). मंदिराचा जीर्णोद्धार, रस्ते व जमिनीची वाढती किंमत यांमुळे काही राया आक्रसल्या आहेत.