कोलन-वॉटरचे तोतये

ताप चढलेल्या माणसाच्या कपाळावर कोलन-वॉटरची घडी ठेवण्याची चाल महाराष्ट्रांतील शिकल्यासवरल्या घरांत दोन-तीन पिढ्या तरी होती, व अजूनहि ती अगदींच मोडली आहे असें नाहीं. परंतु ज्या पाण्याच्या भरंवशावर आमच्या आज्यापणज्यांनीं आजाऱ्यांच्या उशाशीं रात्री जागून काढल्या, त्याच्या नांवाचा इतिहास हा पुष्कळ अंशीं चोरीचाच इतिहास आहे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हल्लीं ऑनलाइन बाजारांतून व सवलतीच्या दुकानांतून नकली काजळ, नकली लिपस्टिक, नकली मलमें यांचा जो सुळसुळाट झाला आहे, त्याविषयीं बोलतांना ‘काळ बिघडला’ असें म्हणून मोकळें होण्याचा प्रघात पडला आहे. काळ बिघडला असेल. पण तो कधीं बिघडला हें पाहूं गेल्यास निदान सव्वादोनशें वर्षें मागें जावें लागतें, आणि तें जाणें व्यर्थ होत नाहीं असें आम्हांस वाटतें.

या पाण्याचा कर्ता योहान मारिया फरीना हा मूळचा इटलीचा. पीडमॉन्ट प्रांतांतील सान्ता मारिया माज्जोरे या गांवीं १६८५ मध्यें त्याचा जन्म झाला. त्याच्या भावानें १७०९ मध्यें जर्मनींतील कोलन शहरीं चैनीच्या मालाची पेढी काढली होती. १७१४ मध्यें योहान मारिया तींत येऊन मिळाला. बर्गामोट, लिंबू, संत्रें अशा फळांच्या सालींचीं तेलें शुद्ध मद्यार्कांत मिसळून त्यानें एक सुगंधी पाणी सिद्ध केलें, व ज्या शहरानें आश्रय दिला त्याचें नांव त्यास दिलें. कस्तुरी, अंबर असल्या जड वासांस सरावलेल्या त्या काळच्या दरबारी मंडळींस हा हलका, ताजा वास अपूर्व वाटला आणि यूरोपांतील राजवाड्यांतून त्यास मागणी येऊं लागली. पण फरीनाचें खरें कसब नुसत्या वासांत नव्हतें. फळांचा कस दरवर्षीं निराळा असतो. तरी निरनिराळ्या हंगामांचीं तेलें पारखून व जुळवून, यंदाच्या बाटलींत गतवर्षींचाच वास उतरेल अशी दक्षता तो घेई. लांबट, सडपातळ कुपींतून हें पाणी दूरदूरच्या गांवीं जाई, आणि बूच काढण्यापूर्वींच गिऱ्हाइकास आंत काय आहे हें ठाऊक असे. कर्त्याचें तोंडहि न पाहिलेल्या माणसानें केवळ नांवावर विश्वास टाकावा, ही गोष्ट आज आपणांस इतकी अंगवळणी पडली आहे कीं, ती कोणाला तरी प्रथम कमवावी लागली होती याचा विसर पडतो.

आणि जें कमावतां येतें तें चोरतांहि येतें. १७९४ मध्यें फ्रेंच फौजा कोलनमध्यें शिरल्या. पुढें तीन वर्षांनीं धंद्यांवरील जुनीं बंधनें उठलीं व वाटेल त्यास वाटेल तो माल करण्याची मोकळीक मिळाली. मग ‘कोलनचें पाणी’ करणारे गल्लोगल्लीं निघाले. पाणी करणें हा कांहीं गुन्हा नव्हता. पण फरीना या नांवावांचून तें खपेना. आतां फरीना या शब्दाचा इटालियन भाषेंतील अर्थ ‘पीठ’. तें आडनांव त्या देशांत आपल्याकडील कुलकर्ण्यांइतकें नसलें तरी बरेंच आढळतें. तेव्हां युक्ति सोपी होती: कोठून तरी एखादा फरीना शोधून काढावा, त्याच्याशीं करारमदार करावा आणि त्याच्या नांवाची पाटी दारावर लावावी. विल्हेल्म म्यूल्हेन्स नांवाच्या व्यापाऱ्यानें १८०३ मध्यें कार्लो फ्रान्चेस्को फरीना या गृहस्थाकडून असा नांवाचा हक्क विकत घेतला. या गृहस्थाचा सुगंधाच्या पेढीशीं किंवा तिच्या घराण्याशीं कसलाहि संबंध नव्हता. पण म्यूल्हेन्स तेवढ्यावरच थांबला नाहीं; विकत घेतलेलें तें नांव त्यानें पुढें इतरांसहि विकलें!

आमच्या इतिहासांत सदाशिवरावभाऊंच्या तोतयाचें प्रकरण प्रसिद्ध आहे. १७७६ मध्यें पुण्यास त्याचा शेवट झाला, परंतु तत्पूर्वीं हजारों लोक त्याच्या झेंड्याखालीं जमले होते. त्या लोकांपैकीं भाऊंस जवळून पाहिलेले असे कितीसे असणार? तोतयाची चलती नेहमीं मूळ माणसापासून लांबच्या मुलखांतच होते. कोलनच्या पाण्याचेंहि तसेंच झालें. प्रत्यक्ष कोलनमध्यें राहणाऱ्या माणसास खरी पेढी कोणती हें विचारून घेतां येई. पीटर्सबर्ग किंवा लंडन येथील गिऱ्हाइकानें काय करावें? मूळ पेढीनें ‘ज्यूलिख चौकासमोर’ असा पत्ताच आपल्या नांवास जोडला. तर ‘ज्यूलिख चौक क्रमांक ४’ असा पत्ता मिरवणारा दुसरा योहान मारिया फरीना बाजारांत हजर! खऱ्यानें ओळखीसाठीं जी जी खूण निर्माण करावी, ती ती खोट्यानें उद्यां उचलावी, असा हा पाठशिवणीचा खेळ पाऊणशें वर्षें चालला. त्यांत एक घोटाळा असाहि होता कीं, त्याच कुळांतला एक खरा फरीना १८०६ मध्यें पॅरिसला दुकान थाटून बसला. त्यास तोतया म्हणावें कीं वारस, हा प्रश्न सोडविण्याच्या भरीस आम्ही पडत नाहीं.

कोर्टकचेऱ्या पुष्कळ झाल्या, पण व्यापारचिन्हांचें रक्षण करणारा कायदा सबंध जर्मन साम्राज्यास मिळाला तो १८७४ मध्यें. त्यानंतर १८८१ मध्यें म्यूल्हेन्सचा नातू फर्डिनांड यास फरीना हें नांव सोडावें लागलें. त्यानें मग आपल्या घराचा जुना क्रमांकच मालाचें नांव म्हणून घेतला. तेंच जगप्रसिद्ध ‘४७११’. उसनें नांव टाकल्यावर त्या पेढीचा भाग्योदय कमी झाला नाहीं हें विशेष. आज तर पुष्कळांस तेंच मूळचें पाणी वाटतें. इकडे ‘कोलन’ हा शब्द मात्र चोरीस जाऊन जाऊन कोणाचाच उरला नाहीं, तो सामान्यनाम झाला.

येथपर्यंतच्या कथेंत एका माणसाचा उल्लेख आला नाहीं हें वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल. ती बाटली विकत घेऊन अंगाला लावणारा जो, त्याचें काय? सारा तंटा नांवाच्या मालकीचा. बाटलींत काय आहे हें कोणीं विचारलें? तसें विचारण्याचा एक प्रयत्न झाला होता, आणि त्याची हकीकत मोठी मासलेवाईक आहे. कोलनचें पाणी प्रारंभीं औषध म्हणूनहि विकलें जाई. लोक तें पोटांत घेत, व त्याचे गुण सांगणारा कागद बाटलीबरोबर मिळे. १८१० मध्यें नेपोलियनच्या सरकारनें हुकूम काढला कीं, गुप्त औषधें विकणाऱ्यांनीं त्यांतील घटक सरकारास कळवावे. कोलन त्या वेळीं फ्रेंचांच्याच अमलाखालीं होतें. तेथील कारखानदारांनीं घटक कळविण्याऐवजीं एवढेंच केलें कीं, ‘हें औषध नव्हेच, अंगास लावण्याचें केवळ सुगंधी पाणी आहे’ असें ठरविलें. पोटांत जाणाऱ्या वस्तूवर सरकारची नजर, कातडीवर जाणारी मोकळी! सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यास ही पळवाट जी एकदां सांपडली ती सव्वाशें वर्षें बुजली नाहीं.

अमेरिकेंतील १९०६ च्या अन्न व औषधांच्या कायद्यांत प्रसाधनें नव्हतींच. १९३३ च्या सुमारास तेथें ‘लॅश-लूर’ नांवाचा पापण्या व भुंवया रंगविण्याचा रंग विकला जात असे. त्यांत डांबरापासून काढलेलें एक दाहक रंगद्रव्य होतें. त्यानें कित्येक स्त्रियांचे डोळे बिघडले, कांहींची दृष्टि गेली, एकीस तर प्राणास मुकावें लागलें. हा माल नकली नव्हता बरें का! नांव खरें, पेढी खरी. तरीहि तो जप्त करण्याचा अधिकार सरकारास मिळाला तो १९३८ मध्यें. आमच्या देशांत खोट्या व्यापारचिन्हास शिक्षा १८६० च्या दंडसंहितेंतच होती, व १८८९ मध्यें मालावरील खुणांचा स्वतंत्र कायदा झाला. औषधांचा कायदा १९४० चा. त्यांत प्रसाधनांचा समावेश व्हावयास १९६२ साल उजाडावें लागलें, आणि ‘बनावट प्रसाधन’ म्हणजे काय याची व्याख्या १९८२ च्या दुरुस्तीनें आली. व्यापाऱ्याच्या नांवास जो मान १८६० मध्यें मिळाला, तो गिऱ्हाइकाच्या कातडीस मिळण्यास शंभर वर्षांवर काळ लागला. यास योगायोग म्हणण्यास आम्ही तयार नाहीं. नांव ज्याचें जातें तो एकटा व श्रीमंत असतो, तो वकील देतो. कातडी ज्यांची जळते ते पुष्कळ, गरीब व विखुरलेले असतात.

आतां आजच्या बाजाराकडे वळूं. अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी खात्यानें जानेवारी २०१८ मध्यें एक अहवाल प्रसिद्ध केला. त्या खात्यानें पांच ऑनलाइन बाजारांतून, तिऱ्हाईत विक्रेत्यांकडून, निरनिराळ्या ४७ वस्तु मागविल्या. त्यांपैकीं २० नकली निघाल्या. त्यांत एका प्रसिद्ध कंपनीच्या नांवाचीं प्रसाधनें १३ होतीं, आणि तीं तेराच्या तेरा नकली! याहून विचार करण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्या विक्रेत्यांकडून माल घेतला त्यांस गिऱ्हाइकांनीं शेंकडा ९० हून अधिक पसंतीचे गुण दिलेले होते. पूर्वीं लोक मोहोर पाहत, मग पत्ता पाहूं लागले, आतां तारका मोजतात. तोतया त्या त्या खुणेमागें निमूटपणें चालत आलेला आहे. आमच्याकडील २०२० च्या ई-व्यापाराच्या नियमांनींहि बाजार चालविणारांवर विक्रेत्याचें नांव-पत्ता देण्याची सक्ति केली आहे. त्याच यादींत त्यास मिळालेले गुण दाखवावे असेंहि म्हटलें आहे.

मात्र जुन्या व नव्या तोतयांत एक फरक आहे, आणि तो आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. कोलनच्या नकली फरीनानें फार तर वास फिका दिला असेल. त्यासहि मद्यार्क आणि फळांचें तेल लागतच होतें. एप्रिल २०१८ मध्यें लॉस अँजेलिस येथील स्वस्त मालाच्या बाजारांत पोलिसांनीं छापे घालून सुमारें ७ लाख डॉलर किंमतीचीं नकली प्रसाधनें पकडलीं, तीं तपासतां त्यांत रोगजंतूच काय, पण विष्ठेचा अंशहि सांपडला. हीं ओंठांस व पापण्यांस लावण्याचीं रंगद्रव्यें होतीं.

आणि केरळांतील गोष्ट तर आपल्या घराजवळची. गोरेपणाच्या मलमांत पारा घालण्याची खोड जुनी आहे. पाऱ्यानें कातडीचा रंग तयार होण्याचें थांबतें, म्हणून मलम लागलीच ‘गुण देतें’ व मैत्रिणीमैत्रिणींत त्याची शिफारस होते. मलप्पुरम जिल्ह्यांतील एका रुग्णालयांत जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रोगी आले. त्यांपैकीं १५ जणांत त्या विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला, आणि त्या पंधरांतील १३ जणांनीं, विचारल्यावर, आपण गोरेपणाचें मलम लावीत असल्याचें सांगितलें. डबींत काय होतें याचा माग डॉक्टरांस रोग्यांच्या मूत्रपिंडांवरून लागला. मलम बंद केल्यावर बहुतेक रोगी सुधारले.