‘प्रेझेंटली’ : एका तातडीची उतरण

‘द टेम्पेस्ट’च्या चौथ्या अंकात प्रॉस्पेरो एरियलला एक काम सांगतो. एरियल विचारतो, ‘प्रेझेंटली?’ प्रॉस्पेरोचे उत्तर असे, की हो, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत. आजचा वाचक इथे अडखळतो, कारण त्याच्या लेखी या शब्दाचा अर्थ ‘थोड्या वेळाने’ किंवा ‘सध्या’. नोव्हेंबर १६११ मध्ये हे नाटक राजदरबारी झाले तेव्हा मात्र त्याचा ‘तत्क्षणी’ हा अर्थ चांगलाच जिवंत होता.

मूळ लॅटिन विशेषणाचा अर्थ ‘समोर असलेला’. जे समोर आहे त्याला विलंब कसला? पण ‘लगेच करतो’ असे म्हणणारा माणूस लगेच करतोच असे नाही, आणि ऐकणाराही हळूहळू शब्दाऐवजी अनुभवावर विसंबू लागतो. सोळाव्या शतकातच या शब्दात ‘लवकरच’ची ढिलाई शिरलेली दिसते.

हे एकट्या ‘प्रेझेंटली’चे प्राक्तन नव्हे. ‘सून’चे प्राचीन इंग्रजी रूप ‘सोना’, अर्थ ‘ताबडतोब’. ‘अ‍ॅनन’ मुळात ‘एकात’, म्हणजे एकसरशी. ‘चौथा हेन्री’ नाटकाच्या पहिल्या भागातला मद्यालयातील पोरगा फ्रान्सिस प्रत्येक हाकेला याच शब्दाने ओ देतो आणि जागचा हलत नाही. शब्दाची घसरण रंगभूमीवर दाखवण्याची याहून सुंदर युक्ती मला ठाऊक नाही. १६११च्याच इंग्रजी बायबलमध्ये हेरोदियाची मुलगी योहानाचे शिर ‘बाय अँड बाय’ मागते. आज ते ‘यथावकाश’ असे ऐकू येईल, आणि प्रसंगातले क्रौर्यच नाहीसे होईल! १८८१च्या सुधारित आवृत्तीने तिथे ‘फोर्थविथ’ घातला.

आपला ‘तूर्त’ही त्वरेच्याच कुळातला, पण त्याची वाट निराळी. तो उशिराकडे न जाता ‘सध्यापुरते’पाशी थांबला. ‘हा आलोच’ म्हणताना तर आपण थेट भूतकाळच वापरतो. येणारा अजून घरातच असतो.

‘प्रेझेंटली’चा ‘सध्या’ हा अर्थ पुष्कळ शुद्धतावाद्यांना खटकतो. त्यांना तो अलीकडची अमेरिकन लकब वाटतो. वस्तुतः तो पंधराव्या शतकापासूनचा आहे. ब्रिटिश ग्रांथिक भाषेतून मागे पडला तरी स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत टिकला. आपल्याकडच्या नोकरीच्या अर्जांतही तोच आढळतो, आणि त्यावर लाल शाई फिरवण्याचे कारण मला दिसत नाही. वाक्यातले क्रियापदच बहुधा उलगडा करते. डॉक्टर ‘प्रेझेंटली’ कामात आहेत म्हटले की ‘सध्या’. ‘प्रेझेंटली’ भेटतील म्हटले की खुर्ची शोधावी.